अमिगुरुमी बिनचूक विणूनही ती गोंडस का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रोशे चांगलं येतं, जपानी पॅटर्नवरून अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाने विणलेल्या छोट्या भरीव बाहुल्या, विणता, टाके मोजून बरोबर येतात, तरी त्यात तो जपानी गोडवा उतरत नाही. मग ‘कवाई’, म्हणजे जपानी गोंडसपणा, म्हणजे नेमकं काय? आणि दुसऱ्याच्या पॅटर्नवरून केलेल्या बाहुलीत आपलं असं काय राहतं?

गोडवा टाक्यांत नसतो. तो डोक्याच्या प्रमाणात, डोळ्यांच्या जागेत आणि चेहऱ्यावर काय ठेवलं नाही यात असतो. पॅटर्नमध्ये टाके शेवटच्या आकड्यापर्यंत दिलेले असतात, पण चेहऱ्याबद्दल बहुतेक वेळा ‘फोटो पाहून डोळे लावा’ एवढंच म्हटलेलं असतं. खरं काम तिथेच सुरू होतं, आणि तुमचं उत्तरही तिथेच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये बाळपणाची लक्षणं मांडली: शरीराच्या मानाने मोठं डोकं, उंच कपाळ, चेहऱ्याच्या मध्याच्या खाली असलेले डोळे, फुगीर गाल, आखूड जाड हातपाय. ही लक्षणं सगळ्या जगातल्या माणसांना लागू पडतात. जपानी चित्रकारांची खासियत वेगळी आहे. त्यांनी यातलं किती वगळता येतं ते तपासलं. अठराव्या शतकात मारुयामा ओक्यो आणि त्याचा शिष्य नागासावा रोसेत्सु यांनी काढलेली कुत्र्याची पिल्लं पाहा. मोजक्या फटकाऱ्यांत गोलमटोल अंग, दोन ठिपके, संपलं. १९५० च्या दशकात नाइतो रुनेने मुलींच्या मासिकांत मोठ्या डोक्याच्या, मोठ्या डोळ्यांच्या मुली काढल्या. १९७४ मध्ये सानरिओ या जपानी कंपनीच्या शिमिझु युकोने हॅलो किटी काढली, तिला तर तोंडच नाही. कंपनीचं म्हणणं असं की त्यामुळे बघणाऱ्याला स्वतःची मनःस्थिती तिच्या चेहऱ्यावर बसवता येते. हे धोरण विणकामात जसंच्या तसं वापरता येतं, खाली त्याचा उपयोग येईल.

आता प्रत्यक्ष बाहुली घेऊ. मी ३६ टाक्यांचं डोकं धरून लिहितो, कारण शिकायला ते सोयीचं माप आहे. ४ प्लाय अॅक्रिलिक लोकर आणि क्रोशाची २.५ मिमी सुई घेतली तर डोकं साधारण ५ सेंमी रुंद होतं. लोकरीच्या वेष्टनावर बहुधा ३ किंवा ३.५ मिमी सुई लिहिलेली असते. ती स्वेटरसाठी असते. अमिगुरुमीला त्याहून अर्धा ते एक मिमी बारीक सुई हवी, नाहीतर टाक्यांच्या फटींतून आतलं पांढरं फायबर दिसतं.

मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद होणाऱ्या धाग्याच्या फासात, ६ मुके खांब, म्हणजे सिंगल क्रोशे. मग दर फेरीला ६ टाके वाढवत १२, १८, २४, ३०, ३६. पूर्ण गोळा हवा असेल तर इथून ६ फेऱ्या सरळ आणि ५ फेऱ्या कमी करत जायच्या. ६ वाढीच्या, ६ सरळ, ५ कमी करण्याच्या अशा १७ फेऱ्यांत गोळा होतो. पण गोळा हे गोंडस डोकं नव्हे. कवाई डोकं उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतं. म्हणून सरळ फेऱ्या ६ ऐवजी ४ च घाला, म्हणजे फेरी ७ ते १०. मग ३०, २४ आणि १८ वर आणून १३ व्या फेरीला थांबा. हे १८ टाके मोकळे ठेवा, त्यावरच मान बसेल. पुष्कळ जण डोकं ६ टाक्यांपर्यंत बंद करून शिवतात आणि मग डोकं लटपटतं. १८ वर १८ जोडले आणि शिवण्याआधी मानेत फायबर घट्ट कोंबलं तर ते हलत नाही.

धड २४ टाक्यांवरच थांबवा, म्हणजे डोक्याच्या दोन-तृतीयांश रुंद. ४ फेऱ्या सरळ, एका फेरीत १८ वर, झालं. जपानी चित्रकार आकृतीची उंची ‘किती डोकी’ अशी मोजतात. खऱ्या मोठ्या माणसाची उंची सात-साडेसात डोकी भरते, आणि या बाहुलीची दोन. अडीचच्या वर गेलात की ती बाळ न वाटता शाळकरी मूल वाटू लागते. हात ६ टाक्यांचे, ६ फेऱ्यांचे, वरचा अर्धा भाग रिकामा ठेवायचा. तो भरला तर हात दोन्ही बाजूंना ताठ उभे राहतात.

आता डोळे. या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

आपल्या डोक्याचा मध्य ८ व्या आणि ९ व्या फेरीच्या मधे येतो. बहुतेक जण डोळे तिथेच किंवा त्याच्या वर लावतात, कारण मोठ्या माणसाच्या चेहऱ्यात डोळे डोक्याच्या मध्यावर असतात आणि हात सवयीने तिकडे जातो. डोळे एक फेरी खाली न्या, म्हणजे ९ आणि १० च्या मधे. कपाळ एकदम मोठं होतं आणि चेहरा वयाने लहान होतो. १० आणि ११ च्या मधेही चालतील. पण ११ च्या खाली गेलात तर तिथून गोळा आत वळलेला असतो, त्यामुळे डोळे जमिनीकडे बघतात आणि बाहुली खजील दिसते. हे मुद्दाम हवं असेल तर गोष्ट वेगळी.

दोन डोळ्यांमधलं अंतर ७ किंवा ८ टाके ठेवा. ४ टाके ठेवले तर चेहरा धूर्त आणि मोठ्या माणसाचा होतो. १० च्या पुढे गेले की डोळे माशासारखे बाजूंना जातात. या दोन-तीन टाक्यांच्या पट्ट्यातच बाहुलीचा सगळा स्वभाव ठरतो.

डोळ्यांचं माप ६ मिमी. मोठे डोळे गोड असतात हे खरं, पण जपानात दोन वेगळ्या वाटा आहेत. एक नाइतो रुने आणि मंगाची, म्हणजे जपानी चित्रकथांची, चमकणाऱ्या मोठ्या डोळ्यांची. दुसरी किटीसारख्या पात्रांच्या वस्तूंची, दूर दूर ठेवलेल्या लहान ठिपक्यांची. लोकरीवर दुसरी वाट जास्त जमते असं माझं ठाम मत आहे. टाक्याची वीण आधीच जाड असते, त्यावर १० मिमीचे काळेभोर डोळे लावले की बाहुली दचकल्यासारखी वाटते.

सेफ्टी आइज म्हणजे मागून वॉशरने पक्के होणारे प्लॅस्टिकचे डोळे. त्यांचा मागचा वॉशर एकदा दाबला की निघत नाही. म्हणून डोकं आधी तात्पुरतं फायबरने भरा, काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचा, तीन जागा बदलून प्रत्येकीचा मोबाइलवर फोटो काढा आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून निवडा. हातात धरून ठरवू नका. हातातल्या वस्तूवर आपला जीव आधीच जडलेला असतो, फोटोत ती परकी दिसते. रिकाम्या डोक्यावरही ठरवू नका, कारण भरल्यावर टाके ताणतात आणि अंतर वाढतं. जागा ठरली की टाचणीपाशी धाग्याची खूण करा, फायबर काढा, मग डोळे पक्के करा. बाहुली तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाणार असेल तर प्लॅस्टिकचे डोळे अजिबात नकोत. भरतकामाच्या काळ्या दोऱ्याने, सहापैकी तीन पदर घेऊन, भरून काढा.

नाक डोळ्यांच्या रेषेतच किंवा अर्धी फेरी खाली, रुंदी २ टाके. तोंड आधी लावूच नका. बाहुली एक रात्र तशीच ठेवा. सकाळी ती अपुरी वाटली तरच नाकाच्या अगदी लगत ३ टाक्यांहून अरुंद तोंड काढा. नाक आणि तोंड यांत जितकी मोकळी जागा सोडाल तितकं वय वाढतं. गालावरची लाली डोळ्याच्या एक टाका बाहेर आणि एक फेरी खाली. मेकअपची पावडर धुतली की जाते, त्यापेक्षा गुलाबी दोऱ्याचे दोन आडवे टाके टिकतात.

आणखी एक करामत, जी पॅटर्नमध्ये क्वचितच दिलेली असते. लांब सुईत डोक्याच्याच रंगाचा मजबूत दोरा घ्या. मानेच्या उघड्या भागातून सुई घालून डोळ्याच्या आतल्या कडेला बाहेर काढा, एक टाका सोडून परत आत घाला आणि मानेत आणा. दोन्ही टोकं हळू ओढून गाठ मारा. डोळा २ मिमी आत जातो आणि गाल आपोआप वर येतात. डोळे तितकेच, जागा तीच, पण चेहऱ्याला मांसलपणा येतो. जास्त ओढलं तर कवटीसारखे खड्डे पडतात.

चेहरा तिरका येण्याची तक्रारही नेहमीची. उजव्या हाताने गोल गोल विणताना मुके खांब दर फेरीला थोडे उजवीकडे सरकतात. खालच्या फेरीत मोजलेला ‘मधला टाका’ वर गेल्यावर मधला राहत नाही. म्हणून चेहऱ्याचा मध्य टाके मोजून काढू नका, डोकं पूर्ण झाल्यावर नजरेने ठरवा. टाक्यातून धागा ओढताना तो सुईवरून न घेता सुईने वरून पकडून खाली ओढला तर टाका इंग्रजी एक्ससारखा दिसतो, घट्ट बसतो आणि सरकणं बरंच कमी होतं. टाके कमी करताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या उचला, मग भोक पडत नाही. उशीतला जुना कापूस भरू नका. त्याच्या गुठळ्या होतात, धुतला तर आतून लवकर वाळत नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.

जपानी पुस्तक वाचता येत नाही म्हणून कुणी अडू नये. तिथल्या विणकामाच्या चिन्हांना राष्ट्रीय औद्योगिक मानक आहे, त्यामुळे पुस्तकं वेगळी असली तरी चिन्हं तीच. फुली म्हणजे मुका खांब, आडवा लंबगोल म्हणजे साखळी, फुल्यांना जोडणारा व्ही म्हणजे वाढ, उलटा व्ही म्हणजे घट. शेजारी फेरी आणि टाक्यांचं कोष्टक असतं. सुईचे आकडे वेगळे: ४/० म्हणजे २.५ मिमी, ५/० म्हणजे ३, ६/० म्हणजे ३.५. गोंधळ होतो तो इंग्रजी पॅटर्नमध्ये. ब्रिटिश पुस्तकातला डबल क्रोशे हा अमेरिकन सिंगल क्रोशे असतो, आणि ते न कळता विणलं तर बाहुली लांबुळकी आणि जाळीदार होते.

राहिला प्रश्न कलेचा. कवाई म्हणजे कंपन्यांनी विकलेला गोडवा अशी समजूत आहे, ती अर्धवट आहे. १९७० च्या दशकात जपानी शाळकरी मुलींनी पेन्सिलीने गोल गोल अक्षरं काढायला सुरुवात केली, मधे हृदयं, तारे. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काही शाळांनी त्या लिपीवर बंदीसुद्धा घातली. बाजार नंतर त्यांच्या मागे गेला. आओकी शोइचीने १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्रूट्स’ मासिकात टोकियोतल्या हाराजुकू भागाच्या रस्त्यावरच्या तरुणांचे फोटो असत. ते कपडे दुकानातून जसेच्या तसे आणलेले नव्हते, घरी शिवलेले, चिकटवलेले, एकावर एक चढवलेले होते. आणि कवाई नेहमी गोडच असतं असंही नाही. मोरी चॅकच्या ग्लूमी बेअर या गुलाबी अस्वलाच्या नखांना रक्त असतं. सानरिओचा २०१३ चा गुदेतामा हे अंथरुणातून उठायची इच्छा नसलेलं अंडं आहे. नारा योशितोमोच्या चित्रांतल्या मोठ्या डोक्याच्या मुली बघणाऱ्याकडे रागाने बघतात. बाळाचं प्रमाण तेच, भावना मात्र थकवा, चीड, एकटेपणा. गोंडस आकारात बसवलेली अशी भावना बघणारा झिडकारत नाही, जवळ जाऊन बघतो. हिरोशिमा विद्यापीठातल्या निट्टोनो हिरोशी यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की पिल्लांची चित्रं पाहिल्यावर लोक नाजूक हाताचं काम जास्त सावधपणे करतात. लक्ष असं गोळा करून आणणं हे कलेचंच काम आहे असं मी मानतो.

तुमचं ‘माझं काय’ याचं उत्तरही त्यातच आहे. टाके पॅटर्नकाराचे, नजर तुमची. एकाच पॅटर्नची चार डोकी विणा. एकाला वरचे डोळे द्या, दुसऱ्याला खालचे. तिसऱ्याच्या डोळ्यांवर फेल्टची अर्धी पापणी चिकटवा, ती आडवी ठेवली तर पेंगुळलेलं दिसेल, बाहेरच्या बाजूला उतरती ठेवली तर हिरमुसलेलं. चौथ्याचा एक डोळा अर्धी फेरी खाली घ्या. चारांतलं कुठलं तुम्हाला ठेवून घ्यावंसं वाटतं ते बघा आणि पुढची बाहुली त्या दिशेने न्या.

विकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. जपानी विणकामाच्या पुस्तकांत बरेचदा छापलेलं असतं की यातले नमुने करून विकू नयेत, आणि किटीसारखी पात्रं परवान्याशिवाय विकता येत नाहीत. ६, १२, १८ चा गोळा मात्र कुणाच्या मालकीचा नाही. त्यावरचा चेहरा स्वतः ठरवलात तर बाहुली बिनधास्त विका.