मुलगी बुटकी आहे, चालतंय की!

मुलांची वाढ आणि हार्मोन्स यांवर येणारे प्रश्न मोजकेच असतात, गावं तेवढी बदलतात. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देते. पत्रावरून निदान होत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते. मूल समोर हवं, अनवाणी, भिंतीला टाचा लावून उभं.

प्रश्न : मुलाची उंची कमी म्हणून डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे सांगितला आहे. किरणांचा त्रास होईल का?

नाही. हाडांचं वय, म्हणजे हाडं किती वर्षांच्या मुलासारखी दिसतात ते, पाहण्याची जगभर हीच पद्धत आहे आणि किरणांची मात्रा नगण्य असते. काढून घ्या.

प्रश्न : लॅबच्या ‘ग्रोथ पॅकेज’मध्ये नऊ वर्षांच्या मुलाचं ग्रोथ हार्मोन ०.२ आलं. इंजेक्शनं सुरू करावी लागतील का?

हे हार्मोन दिवसभर सारखं पाझरत नाही. ते थांबून थांबून सुटतं आणि मोठ्या लाटा येतात त्या रात्रीच्या गाढ झोपेत. सकाळी दहा वाजता घेतलेल्या रक्तात ०.२ हा आकडा ठणठणीत मुलातही मिळतो. शाळकरी मुलात अशा एका आकड्यावरून कमतरता आहे म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. मग लॅबवाले तो पॅकेजमध्ये का घालतात, हे त्यांना विचारा.

खरी तपासणी रुग्णालयात, उपाशीपोटी होते. क्लोनिडीन किंवा ग्लुकागॉन हे हार्मोन सुटायला लावणारं औषध देऊन ठरावीक अंतरानं रक्त घेतात. तीही आधी वाढीचा वेग, हाडांचं वय आणि आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून शरीरात तयार होणारा रक्तातला घटक) पाहून, गरज वाटली तरच. या कागदावर कोणी इंजेक्शन लिहून दिलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, उंची १६१ सेंमी. दाढी येते. उंचीची पावडर आणि रोज बारला लोंबकळणं सुरू केलंय. किती फरक पडेल?

पावडरीनं खिशाला पडेल. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या जुळून आल्या की उंची थांबते. मग पावडर, लोंबकळणं, आमचं इंजेक्शन, सगळं सारखंच निरुपयोगी. त्या जुळल्यात की थोड्या उघड्या आहेत हे एक्स-रे सांगेल, डबा सांगणार नाही.

औषधानं उंची वाढवण्याची जाहिरात आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. म्हणून डब्यावर ‘औषध’ लिहीत नाहीत, ‘पोषण’ लिहितात आणि शेजारी उंच मुलाचा फोटो छापतात. ‘शास्त्रीय चाचणीत सिद्ध’ असं दिसलं तर तीन गोष्टी विचारा : कोणत्या वयाच्या मुलांवर, किती महिने, आणि पावडर न घेतलेल्या कुठल्या मुलांशी तुलना केली? वाढत्या वयाची मुलं घेऊन सहा महिन्यांनी मोजली, तर ती नुसत्या वरण-भातावरही वाढलेलीच दिसणार.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची, उंची ११८ सेंमी. गेल्या वर्षभरात जेमतेम ३ सेंमी वाढली. अभ्यासात बरी, गणितात मागे. माझी उंची १५२, तिच्या बाबांची १६८. सासूबाई म्हणतात, आपल्याकडच्या बायका बुटक्याच, पाळी आली की वाढेल. थांबावं का?

थांबू नका. याच आठवड्यात दाखवा.

११८ ही साधारण सात वर्षांच्या मुलीची उंची झाली. तुम्हा दोघांच्या उंचीची बेरीज करा, मुलगी आहे म्हणून त्यातून १३ वजा करा आणि निम्मे करा. १५३.५ सेंमी येतात. तुमच्या घरात जन्मलेल्या मुलीनं जायला हवं ते साधारण या आकड्याच्या आसपास. ती त्या वाटेवर दिसत नाही, तेव्हा ‘घराण्यातच आहे’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढतं. ४ सेंमीपेक्षा कमी वाढ झाली, तर कारण शोधायचं असतं. आणि सासूबाईंचं गणित नेमकं उलटं आहे. मुलींची उंचीची झेप पाळीच्या आधी होते. पाळी आल्यावर बहुतेकींना पाच-सात सेंमीच उरतात.

आता जरा स्पष्ट बोलते. मुलगा वर्गाच्या रांगेत तिसरा उभा राहिला तरी आई, बाबा आणि मामा असे तिघं क्लिनिकमध्ये येतात. मुलगी पहिली इयत्ता ते सहावी रांगेत पहिलीच उभी असते, तिला कोणी आणत नाही. मुलगी बुटकी आहे, चालतंय की! तिला आणतात ते पंधराव्या-सोळाव्या वर्षी, पाळी आली नाही म्हणून, आणि पहिला प्रश्न असतो लग्नाचा. तोवर वाढीची बरीच वर्षं निघून गेलेली असतात. ती परत आणायचं औषध माझ्याकडे नाही.

कारण सापडत नसताना बुटक्या राहिलेल्या प्रत्येक मुलीची गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करायलाच हवी. मुलगी दिसायला अगदी नेहमीसारखी असली तरी. आम्ही शोधत असतो टर्नर सिंड्रोम. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला तो असतो. अमेरिकेतल्या डॉ. हेन्री टर्नर यांनी १९३८ मध्ये त्याचं वर्णन केलं. या मुलींमध्ये दोनापैकी एक एक्स गुणसूत्र नसतं, हे १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं. उंची खुंटण्यामागचं शॉक्स हे जनुक सापडायला १९९७ उजाडलं. बुद्धी बहुधा चांगली असते, पण भूमिती, नकाशे, आकडेमोड जड जाते. पत्रातलं गणित म्हणूनच माझ्या नजरेत भरलं. अर्थात गणितात मागे असणाऱ्या बहुतेक मुलींना असलं काही नसतं.

या मुलींत ग्रोथ हार्मोन कमी नसतं, तरीही ते बाहेरून दिलं की उंची वाढते. कॅनडात मुलींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला नाही, आणि वाढ संपेपर्यंत पाठपुरावा केला. २००५ मध्ये निष्कर्ष आले : सरासरी ७ सेंमीचा फरक. जाहिरातीतल्या ‘सिद्ध’मध्ये आणि यात हा फरक आहे. आता हे उपचार चार ते सहा वर्षांच्या वयापासूनच सुरू करण्याकडे कल आहे. शिवाय उंची हा त्यातला एक भाग. हृदयाची इको, किडनीची सोनोग्राफी, कानांची तपासणी आणि थायरॉइड, हे सगळं निदान झालं तरच कोणाच्या तरी लक्षात येतं.

तुमच्या मुलीला हेच आहे असं मी म्हणत नाही. थायरॉइड, सिलिअ‍ॅक (गहू न सोसण्याचा आतड्याचा विकार), किडनीचे विकार यांनीही वाढ अडते. पण शोधावं लागेल. इतर आईबाबांनीही मुलींची उंची दर सहा महिन्यांनी मोजून तक्त्यावर मांडावी. पाच वर्षांपुढे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरा. त्यामागे पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं मोठं काम आहे. मोबाइलमधलं अमेरिकी अ‍ॅप नको.

प्रश्न : ग्रोथ हार्मोन मृतदेहातून काढतात आणि त्यानं मेंदूचा रोग होतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं.

एकेकाळी खरं होतं. १९५० च्या दशकाअखेरीपासून ते मृत व्यक्तींच्या मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्युटरी ग्रंथींतून काढत. काही मुलांना त्यातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा जीवघेणा मेंदूरोग झाला आणि १९८५ मध्ये अनेक देशांनी ते थांबवलं. त्याच वर्षी जनुक-तंत्रानं बनवलेलं हार्मोन आलं. आज मिळतं ते हेच. त्याचेही दुष्परिणाम असतात, म्हणून नियमित तपासणी लागते. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा, फॉरवर्डला नको.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीच्या छातीत दोन्हीकडे दुखऱ्या गाठी आल्यात. म्हशींना देतात त्या इंजेक्शनामुळे का? दूध आणि ब्रॉयलर बंद केलंय.

दूध सुरू करा. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून देतात ते ऑक्सिटोसिन. ते देणं चुकीचंच आहे, पण ते पोटात गेलं की इतर प्रथिनांसारखं पचून जातं, आणि स्तनवाढ करणारं हार्मोन ते नव्हेच. ब्रॉयलर झपाट्यानं वाढतो तो जात आणि खाद्यामुळे.

आठव्या वर्षाआधी स्तनवाढ दिसली तर तपासणी हवी, दूध असो वा नसो. कधी ते तेवढंच राहतं, कधी खरोखर लवकर वयात येणं असतं. करोनाकाळात अशा मुली वाढल्याचं इटलीतून आणि आपल्या पुण्यातूनही नोंदवलं गेलं. कारणांवर अजून वाद आहेत. गरज पडली तर महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनानं हे थांबवता येतं. दूध बंद करून बघण्यात सहा महिने घालवू नका.

प्रश्न : बाळाच्या टाचेच्या रक्तात चौथ्या दिवशी टीएसएच ५२ आला. बाळ छान दूध पितं, रडतं. नातेवाईक म्हणतात, महिन्यानं पुन्हा तपासा.

महिन्यानं नाही, आज. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; ते फार वाढलं, तर बाळाची थायरॉइड कमी पडत असल्याची शंका येते. चाळीसच्या वर आकडा असला की शिरेतून रक्त घ्यायचं आणि अहवालाची वाट न बघता थायरॉइडची गोळी सुरू करायची. सुरुवातीला बाळ छानच दिसतं, नुकसान मेंदूत चाललेलं असतं. दोन आठवड्यांच्या आत उपचार मिळाला तर बुद्धी सहसा शाबूत राहते. डॉक्टरांनी दिलेली गोळी चमच्यात चुरून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात द्या. लोह, कॅल्शियम आणि सोयाबरोबर नको. हे वाचून झालं असेल तर बाळाला घेऊन निघा.

प्रश्न : मुलगा साडेचौदा वर्षांचा, वयात आल्याची एकही खूण नाही. त्याचे वडीलही उशिरा वाढले होते.

तसंच असण्याची शक्यता जास्त आहे, पण चौदा पूर्ण झाली की तपासून घ्यावं. वडिलांसारखंच आहे हे तपासणीनंतरच म्हणता येतं. त्याला कसलाच वास कळत नसेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. शाळेत मोजलेल्या उंचीच्या जुन्या नोंदी असतील तर सोबत न्या.