मुदत ठेव मोडून रेकॉर्डची जोडणी घ्यावी का?

आपण मिरजेहून लिहिले आहे की, वडिलांनी जमवलेल्या सुमारे १४० एलपी (मोठ्या रेकॉर्ड) आणि ९० सीडी घरात आहेत, मित्राकडे रेकॉर्ड ऐकल्यापासून घरची सीडी कोरडी वाटू लागली आहे, आणि रेकॉर्ड वाजवण्याची १,२०,००० रुपयांची नवी जोडणी घेण्यासाठी तीन लाखांच्या मुदत ठेवीतून रक्कम काढावी की दुकानदाराचे १२ बिनव्याजी हप्ते घ्यावेत, असा प्रश्न पडला आहे. घरखर्च दरमहा ४८,००० रुपये असून विमा आणि एसआयपी वगळता ९,००० रुपये उरतात, असेही आपण कळवले आहे.

माझे मत असे की दोन्ही मार्ग टाळावेत. ही ठेव म्हणजे आपला सहा महिन्यांचा आधार आहे. त्यातून १,२०,००० काढल्यास चार महिन्यांचाही खर्च उरत नाही, शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँका सहसा व्याजदर कमी करतात. हप्ता दरमहा १०,००० रुपयांचा, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त आहे. ‘बिनव्याजी’ योजनेत रोखीवरची सूट बहुधा गमवावी लागते, आणि कार्डावर घेतल्यास प्रक्रिया शुल्क व व्याजाच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा पडतो.

आता आवाजाकडे वळू, कारण पैसे नेमके कशावर खर्च करायचे हे त्यावरच ठरते. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापे), प्रत्येकी १६ बिटांचे, नोंदवलेले असतात. माणसाला ऐकू येणारी जवळजवळ सगळी कंपने त्यात मावतात आणि पार्श्वभूमी जवळपास निःशब्द असते. रेकॉर्डवर खाच कापताना खर्ज (खालचे स्वर) मुद्दाम कमी आणि तार (वरचे स्वर) वाढवून कापतात, आणि फोनो प्रीअॅम्प (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारे उपकरण) ते उलट करून मूळ तोल परत आणतो. तबकडीच्या मध्याकडे जाताना सुईखालून खाच सरकण्याचा वेग निम्म्याहून कमी होतो, म्हणून बाजूच्या अखेरीस आवाज अधिक फाटण्याचा धोका असतो. तबकडीचे छिद्र किंचित जरी मध्यापासून सरकलेले असेल, तरी दर १.८ सेकंदांनी सूर वरखाली हेलकावतो. नाट्यगीतात ते कदाचित लक्षात येणार नाही, पण तंबोरे बनवणाऱ्या गावात राहणाऱ्या कानाला विलंबित आलापामागचा तंबोरा डगमगलेला लगेच कळेल. शिवाय एलपीची एक बाजू साधारण २० ते २५ मिनिटांची, तर सीडीवर ७४ मिनिटे सलग मावतात, हा ख्याल ऐकणाऱ्यासाठी मोठा लाभ आहे.

तरीही मित्राकडे ऐकलेला फरक खरा असू शकतो. १९९० नंतरच्या बऱ्याच सीडींवर, विशेषतः पुनर्प्रकाशनांत, आवाज सरसकट मोठा करण्यासाठी लहान-मोठ्या स्वरांतले अंतर दाबून टाकलेले असते. तो दोष मुद्रणाचा आहे, माध्यमाचा नव्हे. दुसरे असे की आपण सीडी टीव्हीच्या साउंडबारवर ऐकता आणि मित्राकडे चांगले स्पीकर आहेत, आणि माझ्या दृष्टीने बहुतांश फरक तिथेच आहे. आपला सीडी प्लेअर एकदा मित्राकडे न्यावा, एकच ध्वनिमुद्रण दोन्हींवर लावावे, दोन्हींची पातळी सारखी करावी (किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक गोड वाटतो) आणि कोणते काय वाजते आहे हे न पाहता ऐकावे. या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही.

आपण पाठवलेल्या दरपत्रकात स्पीकर ४०,०००, अॅम्प्लिफायर २५,००० आणि टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवून वाजवणारे यंत्र) व फोनो प्रीअॅम्प मिळून ५५,००० रुपये आहेत. पहिल्या दोन वस्तू आधी घ्याव्यात. ७,५०० रुपयांची आवर्त ठेव नऊ महिने चालवल्यास ६७,५०० रुपये जमतील आणि ९० सीडींचा खरा आवाज घरात येईल. अॅम्प्लिफायर फोनो जोडणी असलेला निवडल्यास पुढे वेगळा प्रीअॅम्प लागणार नाही.

टर्नटेबलचा खर्च खरेदीपाशी थांबत नाही. सुई ५०० ते १,००० तासांत बदलावी लागते, म्हणजे रोज तासभर ऐकणाऱ्याला सुमारे सोळा महिने ते पावणेतीन वर्षांनी. आपण म्हणता तशा महिन्याला प्रत्येकी ३,००० रुपयांच्या दोन नव्या रेकॉर्ड घेतल्या, तर वर्षाला ७२,००० रुपये, म्हणजे आपल्या शिल्लकीचे दोन तृतीयांश जातील. पुढे त्यांची किंमत वाढेल हे गृहीत धरून हा खर्च गुंतवणुकीत मांडू नये.

मात्र वडिलांच्या संग्रहातली जी ध्वनिमुद्रणे सीडीवर कधी आलीच नाहीत, त्यांच्यासाठी मी टर्नटेबलला मनापासून अनुकूल आहे. या नऊ महिन्यांत १४० तबकड्यांची यादी करून अशा किती आहेत आणि त्या वाजण्याजोग्या आहेत का, हे पाहावे. पाच-दहाच निघाल्या तर मित्राच्या यंत्रावरून संगणकात उतरवून घ्याव्यात. तीस-चाळीस निघाल्या तर पुढची आठ महिन्यांची आवर्त ठेव टर्नटेबलसाठी सुरू करावी.