चौघांच्या कुटुंबाला पुण्यात महिन्याला किती पैसे पुरतात?

तुम्ही विचारलंय की पुण्यात नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं, दोघांचे मिळून ७५ हजार हातात येतात, तर आरामात राहायला एवढे पुरतील का, की अजून लागतील?

आकडा आधी सांगतो, मग वाद घालू. घर स्वतःचं आणि कर्ज फिटलेलं असेल तर ८० ते ८५ हजार. हप्ता चालू असेल तर १ लाख १० हजार. दोन्ही आकडे हातात येणाऱ्या पगाराचे, सीटीसीचे, म्हणजे कंपनी कागदावर दाखवते त्या एकूण पॅकेजचे, नव्हेत.

आम्ही धायरीत राहतो. चौघं आम्ही, शिवाय आई निम्मं वर्ष आमच्याकडे आणि निम्मं वर्ष कराडजवळ गावी धाकट्या भावाकडे. बायको खर्चाची वही लिहिते, त्यामुळे पुढचं काहीही अंदाजपंचे नाही. वाणसामान, दूध, भाजी, फळं आणि रविवारचं चिकन धरून १८ हजार. वीज, गॅस, मोबाइल, वायफाय साडेचार. सोसायटीचा मेंटेनन्स २,८००, दोन स्कूटरचं पेट्रोल साडेचार, भांडी-फरशीच्या मावशींचे अडीच. हे ३२ हजार थोडेफार खाली-वर करता येतात. तूरडाळ महागली म्हणून आमचा महिना कोलमडला असं आजवर एकदाही झालेलं नाही. गप्पा मात्र सगळे डाळीच्याच मारतात.

घाम फोडतात ते वर्षातून एकदा येणारे खर्च. जूनमधली फी, मेडिक्लेम आणि टर्म विम्याचे हप्ते, मेअखेरचा मिळकतकर, गणपती, दिवाळी, लग्नसराईतले आहेर, गावची यात्रा. पहिली काही वर्षं आम्ही हे धरतच नव्हतो आणि दर जूनला एफडी मोडत होतो. आता वहीत त्यांचं वेगळं पान आहे: वर्षाची बेरीज, भागिले बारा, तेवढी रक्कम एक तारखेलाच दुसऱ्या खात्यात. या पानावरून शाळा, व्हॅन आणि क्लास मिळून दोघांचे महिना १७ हजार पडतात. विमे ५, आईची औषधं ३, बाकी सण-प्रवास-आहेर-कर मिळून ७. वरचे ३२ आणि किरकोळ धरून एकूण ६८. त्यावर ३० लाखांच्या गृहकर्जाचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २६ हजार. झाले ९४. वरचे १५ हजार बाजूला टाकायचे.

हे १५ हजार चैन वाटतील. मलाही वाटायचे. २०२२ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. तिला पॉलिसीत घेऊन जेमतेम वर्ष झालेलं. विमा कंपनीने प्रतीक्षा कालावधीच्या, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून ठरावीक काळ काही उपचारांचे पैसे न देण्याच्या कलमावर बोट ठेवलं आणि विषय संपवला. कलम खरं होतं, ते वाचायचं मी टाळलं होतं. तेव्हा आमची कमाई ९० हजारांच्या घरात होती, म्हणजे कागदावर उत्तम चाललेलं. भावाचं उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं म्हणून निभावलं. महिना ९० कमावणारा मी, आणि पैसे कुणाकडून घेतले तर ज्याला मी 'पुण्याला ये, इथे काहीतरी बघू' असं सांगत फिरायचो त्याच्याकडून. तेव्हापासून आरामात राहणं याचा माझा अर्थ एवढाच: दोन-अडीच लाखांचा खर्च अचानक आला तर कुणाला फोन करावा लागू नये.

भावाचं सांगायचं तर त्याची वर्षाची कमाई महिन्यात वाटली तर ३५-४० हजार होते. घर वडिलांनी बांधलेलं, ज्वारी घरची, दूध गोठ्यातलं, पोरं झेडपीच्या शाळेत. तो माझ्यापेक्षा शांत झोपतो. त्याची अडचण वेगळी. पैसा येतो कारखान्याच्या सवडीने. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असा नियम आहे, पण त्या नियमावर विसंबून कुणी लग्नाची तारीख काढत नाही. मधले महिने विकास सोसायटीच्या, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेच्या, पीककर्जावर निघतात. आणि पुढच्या वर्षी थोरली बारावी झाली की पुण्यात होस्टेल. मग त्याचे ४० हजारही कमीच पडतील.

'एवढे कशाला लागतात' असं कुणी म्हणेल, आणि त्याचंही बरोबर आहे. केंद्राच्या २०२३-२४ च्या खर्च पाहणीत शहरी भागातला सरासरी माणशी खर्च महिना ६,९९६ रुपये निघाला. चौघांचे २८ हजार. त्यात कर्जाचे हप्ते नसतात हे खरं, तरीही माझं कुटुंब सरासरीच्या किती वर आहे हे मला त्यावरून कळलं. सरकारचाही एक आकडा नाहीच. लाडकी बहीण योजनेला वर्षाला अडीच लाखांची मर्यादा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याला ८ लाखांची, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे साडेसात लाखांचं कुटुंब एका खिडकीवर दुर्बल आणि शेजारच्या खिडकीवर सधन. अशा आकड्यांवरून आपलं घर चालवता येत नाही.

तर तुमचे ७५ हजार. भाडं १८-२० च्या आत असेल आणि मुलं मध्यम फीच्या शाळेत असतील तर भागेल, पण शिल्लक तीन-चार हजारांच्या पुढे जाणार नाही. हे तुम्हाला आरामात वाटेल की नाही, ते गावाकडे कुणी पाठीशी आहे का आणि दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर किती महिने तग धराल, यावर ठरेल. आमचा अनुभव विचाराल तर निदान तीन लाख बाजूला पडेपर्यंत फ्लॅटची बोलणी करू नका. बिल्डरची माणसं 'भाड्याएवढाच हप्ता' म्हणतात तेव्हा मेंटेनन्स, स्टँप ड्यूटी, फर्निचर यातलं काहीच बोलत नाहीत. आणि शाळा बदलणार असाल तर फीबरोबर व्हॅनचे पैसेही आधीच विचारून घ्या. आम्ही विसरलो होतो, दोन मुलांचे महिना साडेतीन हजार निघाले.