‘प्रोफंडस’ म्हणजे किती खोल?

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला शरीररचनेतली नावं घोकायच्या आधी एक गोष्ट पक्की करा: लॅटिन ‘प्रोफंडस’ म्हणजे ‘खोल’, आणि ही खोली मोजायची ती त्वचेपासून. ‘इंटर्नस’ वेगळा; तो पोकळीच्या किंवा अवयवाच्या मध्याच्या हिशेबाने. दोन्हींना मराठीत ‘आतला’ म्हणून मोकळं झालात की गोंधळ झालाच.

शेवटचं अक्षर लॅटिन लिंगाप्रमाणे बदलतं. स्नायू आणि मज्जातंतू (नर्व्ह) पुल्लिंगी, म्हणून प्रोफंडस. धमनी, शीर स्त्रीलिंगी, म्हणून प्रोफंडा. लिगामेंट नपुंसक, म्हणून प्रोफंडम.

आता स्वतःचा हात घ्या. मधल्या बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हाताने घट्ट धरा आणि फक्त टोक वाकवा. हे काम फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचं, म्हणजे बोटं वाकवणाऱ्या खोल स्नायूचं, कारण त्याची कंडरा (टेंडन) शेवटच्या पेरापर्यंत जाते. त्याच्या वरचा, उथळ जोडीदार फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिस मधल्या पेरावरच थांबतो. तिथे त्याची कंडरा दुभंगते आणि खालचा त्या फटीतून पुढे निघतो. सुपरफिशियालिस तपासताना बाकीची बोटं सरळ दाबून ठेवा, नाहीतर प्रोफंडस मदतीला येतो. करंगळीवर मात्र विसंबू नका. काहींची तिथली कंडरा कमकुवत असते किंवा नसतेच.

आणि मांडीतली ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’! नावात उथळ, प्रत्यक्षात खोल शीर. तिच्यातली गुठळी म्हणजे डीव्हीटीच (डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, खोल शिरेतली गुठळी), पण नावाला भुलून कधीकधी रक्त पातळ करायचं औषध सुरूच होत नाही. म्हणून आता नुसतं ‘फेमोरल व्हेन’ लिहितात. तुम्हीही तसंच लिहा.