गॅलरीला ‘सर्क्युलेशन’ लिहू देऊ नकोस

प्रिय,

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला नागरी समाजशास्त्र शिकवायचं तुझ्याकडे आलंय, हे वाचून बरं वाटलं. तू पाठवलेला आराखडा पाहिला. आधी व्याख्या, मग सिद्धांत, शेवटच्या दोन आठवड्यांत क्षेत्रभेट. हा क्रम उलटा कर. रात्रभर मॉडेल कापून सकाळच्या तासाला आलेलं पोर व्याख्या ऐकता ऐकता झोपणारच. त्याच्या हातात टेप आणि ट्रेसिंग दिलंस तर जागं राहील. सिद्धांत नंतर शिकव, त्यांनी स्वतः मोजून आणलेल्या कागदावर बोट ठेवून.

‘आम्हाला हे कशाला?’ असं कुणी विचारलंच, तर एवढं सांग. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र सुरू झालं तेव्हा पहिले प्राध्यापक नेमले ते पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्राचे, पुढे नगररचनेत आलेले. आधी गल्ल्या पायाखाली घाला, पेन्सिल मग, हा त्यांचा हट्ट. गो. स. घुर्ये त्यांच्यानंतरचे, १९२४ चे. म्हणजे इथे हा विषय नगररचनेच्याच दारातून आत आला. यावर पाच मिनिटं खूप झाली.

पूर्ण सत्राला एकच विषय घे. मुंबईत आहेस तर चाळ घे, पण ‘चाळ संस्कृती’ हा शब्द वर्गात सहा आठवडे बंद. तो उच्चारला की मुलं बघायचं थांबतात आणि गणपती, फराळ, शेजारधर्म असं आठवणीतलं लिहायला लागतात. त्याऐवजी गिरगावातली लाकडी कठड्याची चाळ आणि बीडीडी चाळ यांचे प्लॅन शेजारी शेजारी लाव. पहिलीत खोल्यांपुढून उघडी गॅलरी जाते, खाली अंगण. दुसरी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) या सरकारी खात्याने काँक्रीटमध्ये बांधलेली: तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधोमध पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा दारं, खोली साधारण १६० चौरस फूट, संडास सामाईक. गॅलरीतल्या बाईला अंगणात कोण आलं ते दिसतं. पॅसेजमधल्या बाईला समोरचं दार दिसतं. नाव एकच, पण शेजार दोन तऱ्हांचा, आणि फरक भिंतींच्या जागेत आहे. (पुनर्विकासात बीडीडीच्या बऱ्याच इमारती पडल्यात. कुठल्या उभ्या आहेत ते आधी स्वतः जाऊन बघ.)

आता मुख्य काम. चाळीस मुलांचे चार-चारचे दहा गट कर, गटाला एक मजला. सामाईक भाग मोजून १:५० या प्रमाणात काढायचा. दारं आणि जिना तर येणारच; उंबऱ्याची उंची, कठडा, नळ, पाण्याची पिंपं, चपलांची जागा, कपड्यांच्या दोऱ्या, दाराबाहेर टेकवलेली शिलाई मशीनसुद्धा आली पाहिजे. त्यावर ट्रेसिंगचे चार कागद: सकाळी ६, ११, संध्याकाळी ५, रात्री ९. प्रत्येक वेळी तासभर, दर दहा मिनिटांनी एक फेरी, म्हणजे कागदावर सहा फेऱ्या. त्या क्षणी जो जिथे असेल तिथे खूण: चालणाऱ्याला बाण, उभ्याला रेघ, बसलेल्याला गोल, हातात काम असेल तर गोल भरलेला. बाई, पुरुष, मूल, म्हातारं माणूस यांना चार रंग.

चारही कागद एकावर एक ठेवले की मूळ नकाशावर ‘सर्क्युलेशन’ (म्हणजे नुसती ये-जा करायची जागा) असं लिहिलेली पट्टी खुणांनी भरून जाते. मग बाण किती आणि गोल किती ते मोजायला लाव. गोल जास्त निघाले तर तो शब्द खोडायचा, आणि तिथे जे चालतं ते लिहायचं: गहू निवडणं, दहावीचा अभ्यास, दुपारची डुलकी. खुणा एखाद्या कोपऱ्यात दाटल्या असतील तर कारण शोधायला परत पाठव. वारा येतो का? जिन्यावरची वर्दळ दिसते का? पाणी सकाळी तासभरच येत असेल तर सहाचा कागद बहुतेक नळाचाच असतो. ते पाहून कुणी ‘बायका इथे गप्पा मारायला जमतात’ असं लिहिलं तर गुण काप.

बिघडतं ते साधारण या जागी. मुलं अकराची फेरी करतात आणि सहा-नऊची घरी बसून भरतात. म्हणून प्रत्येक कागदावर तारीख, वेळ आणि त्या तासातली एखादी बारीक घटना लिहून घे. टेप उघडली की लोकांना वाटतं बिल्डरची माणसं आली, मग दारं बंद होतात. आधी चाळ कमिटीच्या सेक्रेटरींना कॉलेजचं पत्र दे, मुलांच्या गळ्यात ओळखपत्र असू दे, आणि ‘नवीन घर कधी मिळणार?’ याला ‘आम्हाला माहीत नाही’ एवढंच उत्तर पाठ करून घे. प्रश्नावली नकोच. ‘तुम्हाला इथे राहायला आवडतं का?’ याला सगळे हो म्हणतात. ‘काल संध्याकाळी सात वाजता कुठे होतात?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं.

जात टाळू नकोस, पण दारोदार विचारायलाही लावू नकोस. तळमजल्यावरच्या पाट्या उतरवून घ्यायला सांग: कुठल्या गावाचं ग्रामस्थ मंडळ, तालुका कोणता, विहार कुठे, देऊळ कुठे, जयंतीचा फलक कुणाचा, कुठल्या जिन्यापाशी. पाट्या प्लॅनवर टाकल्या की कोण कुणाशेजारी आणि कोण कुणापासून लांब, यावर बोलायला आधार मिळतो. हवेत बोललेली जात वर्गात नुसती भांडणं लावते.

आठव्या आठवड्यानंतर खोलीत जा, घरच्यांनी बोलावलं तरच, आणि फोटो अजिबात नाही. एकाच खोलीचे १:२० ला तीन प्लॅन: दुपारी २, संध्याकाळी ७, रात्री ११. पलंगाखालून काय बाहेर येतं, कुणाची गादी कुठे, कोण दाराबाहेर पथारी टाकतं. ते तीन कागद भिंतीवर लावून झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर काढ. ते २२५ चौरस फुटांवरून २६९ झालं, आता ३०० आहे. मुलं म्हणतील, जागा वाढली. त्यांना त्या ३०० फुटांत गॅलरीतले सगळे गोल बसवायला लाव. किती बसतात आणि किती उरतात, तो तुझा घनतेवरचा तास. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण त्यांना त्यानंतर वाचू दे.

डिझाइन स्टुडिओच्या शिक्षकांशी आत्ताच बोल. जागा तीच ठेवतील तर उत्तम. नाहीतर निदान एक अट मान्य करून घे: अंतिम शीटवर प्रत्येकाने पाहणीमुळे बदललेली एक रेघ लाल करायची आणि शेजारी पाहणीची तारीख-वेळ लिहायची. अंतर्गत गुणांतले निम्मे त्या लाल रेघेला दे. निबंधाला कमी दे. निबंध उतरवता येतो.

आणि शेवटी प्रत्येक मजल्याच्या नकाशाची एक प्रिंट चाळीत नेऊन द्यायची, खुणा आणि नावं काढून. मोजमापं बरोबर आहेत का ते तिथली माणसं दोन मिनिटांत सांगतील. मोरीची जागा चुकलेली असते बहुतेक वेळा.

सस्नेह