नवे टायर टाकले आणि मायलेज उतरलं, असं का?

२०२२ मध्ये सिटी, हायरायडर, ग्रँड विटारा आणि त्यामागोमाग हायक्रॉस अशा हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत इलेक्ट्रिक मोटरवरही चालणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या. त्यांचे कंपनीतून आलेले टायर आता संपत आलेत आणि गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून तेच प्रश्न येत आहेत. शेजारी एक सांगतो, टायरवाला दुसरं, व्हॉट्सॲपवर तिसरंच फिरत असतं. म्हणून या वेळी फक्त टायरच.

प्रश्न (म्हापसा): ग्रँड विटारा हायब्रिडला चारही टायर नवे टाकले. आधी लिटरला २४ किमी पडायचे, आता २२ पडतात. दुकानदार म्हणतो, थोडे दिवस चालवा. टायर खराब निघाले का?

बहुतेक नाही. नव्या टायरवर रबराचा थर जाड असतो. चाक फिरताना तो थर दबतो, सुटतो, त्यात ऊर्जा जाते. झिजलेल्या टायरवर रबरच कमी उरलेलं असतं, म्हणून तो हलका पळतो. तुम्ही नव्या टायरची तुलना संपत आलेल्या टायरशी करताय.

दुसरी गोष्ट मीटरची. तुमच्या २१५/६० आर १७ टायरची त्रिज्या साधारण ३४५ मिमी. नक्षीची, म्हणजे टायरवरच्या खाचांची खोली २ मिमीवरून ८ मिमी झाली की त्रिज्या ६ मिमीने वाढते, म्हणजे जवळपास पावणेदोन टक्के. तेवढ्याच अंतराला चाक कमी वेळा फिरतं आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतो. २४ चे २३.६ तर इथेच झाले, आणि ते नुसते कागदावरचे.

तरीही २ किमीची घट या दोन कारणांत पूर्ण बसेलच असं नाही. आधी सकाळी, गाडी थंड असताना, चारही चाकांची हवा मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. टायर बसवताना अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं नसेल तर करून घ्या. मग टाकी फुल ते फुल असं तीन-चार वेळा मोजा. स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. त्यानंतरही फरक राहिला तर टायरचं बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला दाखवा. कंपनीच्या टायरपेक्षा जास्त रोलिंग रेझिस्टन्सचं, म्हणजे फिरताना जास्त ऊर्जा खाणारं मॉडेल तुम्हाला दिलं गेलेलं असू शकतं.

प्रश्न (मडगाव): सर, एकच ब्रँड सांगा. जास्त टिकणारा, मायलेज देणारा आणि पावसात धरणारा.

ब्रँड सांगणार नाही, कारण एकाच ब्रँडचे दोन टायर दोन टोकांचे असतात. तुम्ही मागितलेल्या तीन गोष्टी एकमेकींना ओढतात. कडक रबर टिकतं, पण ओल्या रस्त्यावर घसरतं. उथळ नक्षीने पेट्रोल वाचतं, पण टायर लवकर संपतो. सिलिका वापरलेल्या रबराने ही ओढाताण कमी झाली आहे, संपलेली नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे आधी ओल्या रस्त्यावरची पकड, मग मायलेज, मग आयुष्य. माझा क्रम हाच आहे.

दुकानात काय पाहायचं? साइज स्टिकरवरचीच. साइजनंतरचा आकडा म्हणजे लोड इंडेक्स. तो मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. ८३ लिहिलं असेल तर एक टायर ४८७ किलो पेलतो, ९६ असेल तर ७१० किलो. बॅटरी आणि मोटरमुळे हायब्रिड गाडी त्याच मॉडेलच्या साध्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असते, तेव्हा "साइज तीच आहे, चालतंय" हे दुकानदाराचं उत्तर ऐकून घेऊ नका. बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) तारांकित लेबल असेल तर ते जरूर पाहा. पण तारे इंधनबचतीसाठी आहेत, जास्त तारे म्हणजे जास्त पकड नव्हे. ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा अंदाज देणारा आकडा, कंपनी स्वतःच ठरवते. ४०० म्हणजे ४० हजार किमी, असं जे सांगतात त्याला आधार नाही. युरोपच्या लेबलवर इंधन आणि ओली पकड या दोन्हींना ए ते ई अशी वेगवेगळी श्रेणी असते, पण तोच टायर इथे बनतो तेव्हा रबर वेगळं असू शकतं, त्यामुळे तिथली श्रेणी इथे गृहीत धरू नका.

एवढं पाहून दोन मॉडेलं निवडा आणि पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरला दाखवा.

प्रश्न (पर्वरी): दुकानदार म्हणतो, हायब्रिडला ईव्हीचाच टायर लागतो. खरं का?

नाही. योग्य साइज आणि लोड इंडेक्स असलेला, कमी रोलिंग रेझिस्टन्सचा साधा टायर पुरतो. "हायब्रिड" हा शब्द ऐकला की बिल फुगवायची ही नवी पद्धत आहे.

प्रश्न (कुडचडे): नायट्रोजन भरला तर मायलेज वाढतं का?

नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. साधी हवाच भरा आणि दर पंधरा दिवसांनी तपासा.

प्रश्न (साखळी): गाडी ४२ हजार किमी चालली. नक्षी अजून अडीच मिमी आहे, कायदा १.६ म्हणतो. चवथीला टायरवर ऑफर असते. तोवर काढू का?

नका काढू. हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात येतो आणि दरवर्षी माझं उत्तर हेच असतं.

तुम्ही चवथीपर्यंत म्हणता, म्हणजे अख्खा जून, अख्खा जुलै आणि किमान ऑगस्टचा बहुतेक भाग. ज्या तीन महिन्यांसाठी टायरला नक्षी असते, नेमके तेच महिने तुम्ही अडीच मिमीवर काढणार. १.६ मिमी ही शेवटची रेघ आहे. तिथवर टायर चांगला असतो आणि तिथे पोचल्यावर एकदम बिघडतो, असं होत नाही. खाचांचं काम एकच: टायरखालचं पाणी बाजूला फेकणं. खाच उथळ झाली की फेकलं जाणारं पाणी कमी होतं. वेग वाढला की त्यासाठी मिळणारा वेळही कमी होतो. एका क्षणी टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. स्टिअरिंग हलकं लागतं, वळवलं तरी गाडी सरळ जाते, आणि तेव्हा ब्रेक काही करू शकत नाही. त्यात ८० च्या वेगाने गाडी थांबायला ६० च्या मानाने पावणेदोन पट ब्रेकिंगचं अंतर लागतं, तेही टायर रस्त्याला धरून असेल तरच.

तुमच्या भागात तर लाल माती आहे, खनिजाचे ट्रक आहेत. पहिल्या सरींत ती धूळ आणि रस्त्यावरचं तेल मिळून बुळबुळीत थर होतो. चोर्ल्याच्या उतारावर अशा रस्त्यावर अडीच मिमीचा टायर घेऊन माझ्या घरचं कुणी निघालं तर मी किल्ली काढून घेईन.

हायब्रिडच्या मालकांना आणखी एक समज असतो: मोटरही गाडी थांबवते, म्हणजे ब्रेक दुप्पट. मोटरची ती ओढही टायरमार्फतच रस्त्याला पोचते. टायर घसरायला लागला आणि एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सुरू झालं की ती ओढ सहसा कमी केली जाते आणि सगळं काम साध्या ब्रेकवर येतं. पॅड कितीही नवे असोत, शेवटी रस्त्याला धरतो तो टायरच.

एरवी ३ मिमीला टायर बदलायची तयारी करा आणि पावसाळ्याआधी ३ मिमीच्या खाली असेल तर बदलूनच टाका. नक्षी मोजायचा छोटा गेज स्वस्तात मिळतो. प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी मोजा. ऑफरमध्ये वाचतील ते पैसे जाऊ द्या. या आठवड्यात टायर कुणा जाणकाराला दाखवा, पुढच्या महिन्यात नको.

प्रश्न (फोंडा): पुढचे दोनच टायर झिजले. दोनच घेतले तर चालतील? टायरवाला नवे पुढेच बसवतो म्हणतो.

दोन चालतील, पण नवे मागे बसवा आणि मागचे पुढे आणा. ओल्या वळणावर पुढचा टायर सुटला तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागचा सुटला तर गाडी गरकन फिरते. टायरवाला तयार नसेल तर दुसऱ्याकडे जा.

पुढचेच का झिजले, हेही पाहा. बहुतेक हायब्रिडमध्ये इंजिन, मोटर आणि मोटरचं ब्रेकिंग हे सगळं पुढच्या चाकांवर येतं. सिग्नलला मोटर पहिल्याच क्षणी पूर्ण जोर देते, तिथे पाय हलका ठेवा. आठ-दहा हजार किमीला पुढचे मागे, मागचे पुढे केलेच पाहिजेत.

पण झीज एकाच कडेला असेल तर दोष अलाइनमेंटचा. मागे एक गाडी लिफ्टवर घेतली. बाहेरच्या कडेला ४ मिमी नक्षी, मालक निश्चिंत. चाक फिरवून आतल्या कडेवर बोट फिरवलं तर तार हाताला लागली. पार्किंगमध्ये उभ्याने पाहिलं तर ती कड कधी दिसतच नाही. तेव्हा नवे टायर बसवायच्या आधी जुन्यांची आतली कड मेकॅनिकला दाखवा. सस्पेन्शनमध्ये काही ढिलं असेल तर नवे टायरही तसेच जातील.

प्रश्न (वास्को): मी जहाजावर असतो. गाडी सहा-सहा महिने उभी असते. टायर सहा वर्षांचे, चालले फक्त १८ हजार किमी. नक्षी भरपूर आहे. बदलायचे का?

नक्षीवर जाऊ नका, वय बघा. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २२२० म्हणजे २०२० सालचा बाविसावा आठवडा. ऊन आणि हवेने रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा जातात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी खोलून तपासायचा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी ठेवायचाच नाही. तुमचे टायर रिमवरून काढून आतून-बाहेरून तपासून घ्या. बाजूला चिरा किंवा फुगवटा दिसला तर त्याच दिवशी बदला.

जहाजावर जाताना हवा स्टिकरप्रमाणे भरा, गाडी सावलीत ठेवा आणि घरच्या कुणाला तरी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालवायला सांगा. एकाच जागी उभं राहिल्याने टायर खालून चपटतो आणि हायब्रिडची छोटी १२ व्होल्टची बॅटरीही उतरते. नवे घेताना दुकानदाराला तोच चार आकड्यांचा कोड दाखवायला लावा. दोन वर्षं गोदामात पडलेला माल "नवाच आहे" म्हणून घेऊ नका.

प्रश्न (डिचोली): टायरच्या बाजूला खिळा गेला. पंक्चरवाला म्हणतो, प्लग मारतो, काही होत नाही.

होतं. बाजूचं पंक्चर दुरुस्त होत नाही, टायर बदला. तोवर लावलेली स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा, सहसा ताशी ८० किमी, ओलांडू नका आणि थेट टायरच्या दुकानात जा.