'मानपान रीतीप्रमाणे' : यादी झाल्यानंतरचा वाद

साखरपुडा झाल्यानंतर सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारी जोडपी बहुधा एकच काळजी घेऊन येतात: आमचे एकमेकांशी उत्तम पटते, पण दोन्ही घरांत खर्चावरून बोलाचाली सुरू झाली आहे, तेव्हा आम्ही मध्ये बोलावे की मोठ्यांवर सोडून गप्प राहावे? पुढील प्रसंग अशाच एका जोडप्याचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली, मुलगा कागलजवळच्या गावातला. वडीलधाऱ्यांच्या साक्षीने सुपारी फुटली होती, कोणी काय द्यायचे-करायचे याची यादी झाली होती. बस्ता बांधायला निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाच्या घरून विचारणा झाली की भावकीतल्या सगळ्या बायकांच्या साड्या धरल्या आहेत ना. मुलीच्या वडिलांनी तर वरमाय, आजी, आत्या आणि करवली एवढ्यांचाच हिशेब केला होता. मग मध्यस्थांचे फोन सुरू झाले आणि मुलीला हे लग्न होते की मोडते अशी धास्ती वाटू लागली. "मॅडम, दोघेही यादीकडंच बोट दाखवतात. मी कुणाच्या बाजूनं बोलू?" असे ती म्हणाली.

मी दोघांना एकत्र बोलावले आणि यादीची प्रत आणायला सांगितले. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेल्या त्या फुलस्केप कागदावर दागिन्यांचा मजकूर फार काटेकोर होता. मंगळसूत्र आणि साज किती तोळ्यांचा, तो कोणी घालायचा, हे सारे आकड्यांत लिहिलेले होते. त्याखाली मात्र दोन त्रोटक ओळी होत्या: 'कार्यालय निम्मे-निम्मे' आणि 'मानपान रीतीप्रमाणे'. सोन्यावरून भांडण झालेले मी क्वचितच पाहिले आहे, कारण ते तोळ्यांत लिहिलेले असते. वितुष्ट येते ते अशा ओळींवरून, कारण प्रत्येक घर आपलीच रीत ही सर्वांची रीत समजते.

दोघांना वेगवेगळे कोरे कागद देऊन मी या ओळींपुढे आपापल्या घरचा हिशेब लिहायला सांगितले. मुलाने 'कार्यालय' या खात्यात फक्त भाडे धरले होते. मुलीने भाड्याबरोबर जेवण, स्टेजची सजावट, वीजबिल आणि साफसफाईही धरली होती. मानपानात मुलाने भावकीतल्या पुरुषांचे टॉवेल-टोपीही लिहिले होते, ज्याची मुलीच्या घरी कोणाला कल्पनाच नव्हती. कागद अदलाबदल केल्यावर दोघे बराच वेळ काही बोलले नाहीत. कोणीही कोणाला फसवत नव्हते, हे त्यांना तिथेच दिसले.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट सांगावी लागली. लग्नाच्या संबंधात मागणी करून घेतलेल्या वस्तूला मानपान हे नाव दिल्याने 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यातून सुटका होत नाही. न मागता, रूढीप्रमाणे आणि ऐपतीच्या मर्यादेत दिलेल्या भेटींना कायद्याची हरकत नाही, परंतु 1985 च्या नियमांनुसार वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी लागते, तीत वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून वधूवरांनी सह्या करावयाच्या असतात. आपल्याकडे यादीवर सह्या व्याह्यांच्या असतात आणि कायद्याला हवी असलेली यादी कोणी करतच नाही, हे मला अजूनही नवल वाटते.

माझा सल्ला असा होता की प्रत्येकाने आपल्याच घरी बोलावे. भावी सुनेने सासरच्यांना किंवा जावयाने सासऱ्यांना हिशेब समजावायला जाऊ नये. मुलाने आईला सांगितले की भावकीच्या साड्या आपल्या घरून नेसवायच्या. आई आठवडाभर नाराज होती, पण मध्यस्थांसमोर तिनेच ते मान्य केले. जेवणाचा खर्च ज्याची जेवढी पाने त्याने तेवढा द्यायचा, भाडे व वीजबिल निम्मे, आणि सजावट मुलीकडची, असे नव्याने लिहून घेतले गेले. टॉवेल-टोपीचा विषय मुलाच्या काकांनी स्वतःहून काढून टाकला.

पुढच्या भेटीत त्यांना विधी कमी करायचे होते. केळवणे किती स्वीकारायची, सीमांतपूजन आणि रुखवत हवे की नको, हे घरच्यांच्या हौसेवर सोडता येते. मात्र अक्षता पडल्या की सारे वऱ्हाड पंगतीकडे धावते आणि सप्तपदी घाईत उरकली जाते, ती तशी उरकू नये असे मी म्हणाले. ज्यांच्या विवाहविधीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सातव्या पावलाला पूर्ण होतो. गुरुजींना तेवढा वेळ आधीच सांगून ठेवावा.

तारखेबाबत त्यांची चूक नेहमीचीच होती. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आधी काढला आणि कार्यालय नंतर शोधले, तोवर मनासारखी कार्यालये गेली होती. शेवटी गुरुजींकडून तीन-चार मुहूर्त घेऊन त्यांतला कार्यालयाला जुळणारा धरला. विवाह नोंदणी राज्याच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून 90 दिवसांत करावयाची असते आणि त्यासाठी तीन साक्षीदार लागतात, हे सांगितल्यावर मुलीने नव्या यादीच्या तळाशी तीन नावे लिहिली. त्यांत एक नाव मुलाच्या त्या काकांचे होते.